हवालदार तुस्कानोची निवडणूक

व्हिव्हियन तुस्कानोला त्याच्या आईने देवाच्या कामाला वाहिलं होतं. वसईतल्या नंदाखालच्या त्या घरात पाच मुलगे, त्यातला एक तरी पाद्री व्हावा अशी तिची इच्छा, आणि वसईत ती कुठल्या आईची नसते? व्हिव्हियनचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख, म्हणून त्याची रवानगी सेमिनरीत झाली. वर्षभराने तो सुट्टीवर घरी यायला निघाला आणि घरी पोचलाच नाही. वाटेत ठाण्याला लष्करभरतीची रांग दिसली आणि गडी तिथे जाऊन उभा राहिला. त्याचं आजही म्हणणं आहे, की तो फक्त रांग कशाची आहे एवढंच विचारायला गेला होता. घरी निरोप आला तो एकदम खडकीहून. आईने काही दिवस अबोला धरला, मग शेजारणींना सांगायला लागली, की देवाच्या नाही तर नाही, देशाच्या तरी कामी आला.

खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनीअर पलटणीत, त्याला पूल बांधायला शिकवलं आणि उडवायलाही शिकवलं. सुरुंग पेरायला शिकवलं आणि काढायलाही. या कामात त्याचा हात बसला. पुढची वीस वर्षं तो कधी बर्फात, कधी वाळूत, कधी पुरात, आणि अखेर हवालदार होऊन बाहेर पडला. मधल्या एका रजेत त्याचं लग्न झालं.

बायको जर्ट्रूड. वसईतल्याच एका दवाखान्यात नर्स, अंगाने लहान चणीची पण जिभेने पुरून उरणारी. तिच्या वाट्याला नवरा आला तो वर्षातून दोन महिने. त्या दोन महिन्यांतले पंधरा दिवस तो नातेवाइकांकडे जेवायला जायचा आणि उरलेले दिवस घराची कौलं शाकार, विहिरीचा पंप दुरुस्त कर. मुलगी क्लोई झाली तेव्हा तो ईशान्येकडे कुठेतरी होता. आठ महिन्यांच्या क्लोईने बापाला पहिल्यांदा पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. तापाने फणफणलेली पोर एकटीने सांभाळायची, सासऱ्याच्या मयताला एकटीने उभं राहायचं, ख्रिसमसला चार माणसांत हसून बोलायचं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचं, हे सगळं जर्ट्रूडने केलं. तक्रार फारशी केली नाही, पण विसरलीही नाही.

म्हणून पुढे तिच्या नर्सिंगच्या जोरावर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला तेव्हा तिला मनातून गंमत वाटली. या खेपेला ती पुढे आणि नवरा मागे. व्हिसाच्या कागदांत तो ‘डिपेंडंट’ होता. हवालदार तुस्कानो, डिपेंडंट! हा शब्द जर्ट्रूडने निदान वर्षभर तरी सकाळच्या चहाबरोबर त्याला दिला. पोस्टिंग मिळालं कालगुर्लीला. चहूबाजूंनी लाल माती, मधोमध सोन्याची खाण आणि पर्थ सहाशे किलोमीटरवर. केळीच्या बागेत वाढलेली बाई विमानातून उतरली आणि पहिला प्रश्न तिने विचारला, “झाडं कुठंयत?”

पण व्हिव्हियनला गाव बघताक्षणी आवडलं, कारण इथे रोज काहीतरी उडवत होते. खाणीत खडक फोडायला सुरुंग लावणारी माणसं लागतात, आणि याने तर अर्धं आयुष्य तेच केलं होतं. परीक्षा देऊन तो ब्लास्टिंगच्या टोळीत लागला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी घरी. रोज घरी! जर्ट्रूड शिफ्टवरून यायची तेव्हा याच्या बुटांची लाल माती दारात पडलेली असायची. ती त्यावरून रोज भांडायची, पण एखाद्या दिवशी ती माती दिसली नाही तर पर्स खाली न ठेवताच त्याला फोन लावायची. वसईच्या बाटली मसाल्याचं कालवण, समोर बसून ते ओरपणारा नवरा, वर त्याच्या त्याच त्या फौजेतल्या गोष्टी. लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाल्यावर तिला संसार मिळाला होता, आणि तो तिला कोणालाही द्यायचा नव्हता.

मग आली ती महामारी.

क्लोई मेलबर्नला शिकून तिथेच नोकरी करत होती. मेलबर्न बंद, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द बंद, पोरगी स्क्रीनवर. पुढे तर राज्याच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांतही नाकी बसली. कालगुर्लीत रोग जवळजवळ नव्हताच, पण विमानं कमी झाली आणि पर्थहून येणारे मोठे डॉक्टर यायचे थांबले. ज्याला हृदय दाखवायचं, ज्याला किरणांचे उपचार घ्यायचे, त्याने सहाशे किलोमीटर जायचं कसं? शेजारचा बॅरी, खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा, एका सकाळी कुंपणाशी उभा राहून म्हणाला, की पर्थची अपॉइंटमेंट आहे, पण डोळ्यांनी लांबचं दिसत नाही तर गाडी कोण चालवणार? व्हिव्हियनने किल्ली उचलली.

त्या दिवसापासून त्याला नादच लागला. आज बॅरी, उद्या कोणाची आई, परवा एखादी गरोदर फिलिपिनो बाई आणि तिचा गांगरलेला नवरा. सुट्टीच्या दिवशी हा पहाटे निघायचा, नाक्यावर परवानगीचे कागद दाखवायचा, पोलिसांना कडक सलाम ठोकायचा. पोलीस आधी हसायचे, नंतर नंतर तेही सलाम करायला लागले. गाडीत तो पेशंटला कारगिलच्या थंडीची गोष्ट सांगायचा. शेजारचं कूलगार्डी येईपर्यंत बर्फ पडायला सुरुवात व्हायची आणि अर्ध्या वाटेवरचं मेरेडिन आलं तरी थांबायचा नाही. लोक म्हणायचे, दुखणं परवडलं. पण पुन्हा जायची वेळ आली की फोन यालाच करायचे.

आणि इथेच घात झाला. राज्याच्या विधानसभेची निवडणूक तोंडावर आली, आणि बॅरीच्या अंगणात बिअर पिताना कोणीतरी म्हणालं, “मेट, तूच का उभा राहत नाहीस? पर्थला जाऊन त्यांना सांग आमच्याकडे डॉक्टर पाठवायला.” सगळे हसले. व्हिव्हियन हसला नाही.

घरी येऊन त्याने जर्ट्रूडला सांगितलं. ती कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली.

“निवडून आलास तर?” तिने विचारलं.

“तर काय, पर्थ. सेशन असेल तेव्हा तिकडे, नसेल तेव्हा इकडे.”

“म्हणजे रजेवर घरी येणार.”

“तसं नाही गं, जर्टी...”

“तसंच आहे. तू फौजेत होतास तोवर मी तेच केलं. आता पन्नाशीत मला पुन्हा एकटीला ठेवणार?”

व्हिव्हियनने कांद्याची सालं गोळा केली. मग म्हणाला, “तू नको म्हण. मी नाही उभा राहत.”

आता ही कुठली तऱ्हा? सरळ भांडला असता तर तिने दोन हात केले असते. सगळा भार तिच्यावर टाकून हा साळसूद बाजूला झाला. तिने बॅरीचा चेहरा आठवला, वॉर्डात डॉक्टरची वाट बघत पडलेली माणसं आठवली, आणि नको म्हणायला तिची जीभ रेटेना. “कर काय करायचं ते,” ती म्हणाली. हे हो नव्हतं हे त्यालाही कळलं, पण पुरुषमाणसाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

व्हिव्हियन तुस्कानो अपक्ष उभा राहिला. प्रचाराला होता हेमचंद्र, पुण्याहून आलेला खाणीतला तरुण इंजिनीअर. उत्साह दांडगा, पण नागरिकत्व अजून मिळायचं होतं, म्हणजे या देशात त्याने एकदाही मत दिलेलं नव्हतं. व्हिव्हियनने दिलं होतं, पण कसं? मतदानकेंद्राच्या दारात कुठल्याही पक्षाचा जो पहिला माणूस ‘असं मत द्या’ छापलेलं कार्ड हातात देईल, त्या कार्डावरचे आकडे तो जसेच्या तसे उतरवून यायचा. एरवी सुरुंगाच्या वायरीचा रंगसुद्धा दोनदा तपासणारा हा माणूस!

इथली पद्धत अशी, की उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे. हा माझा पहिला, तो दुसरा, तो तिसरा. व्हिव्हियनच्या फौजी डोक्याला हे पटायचंच नाही. “आपल्या माणसाला मत दिलं की दिलं. विरोधकाला परत दुसरा नंबर कशाला? लग्न लावताना पाद्री विचारतो का, की ही पहिली, आता दुसरी पसंती कोण?” हेमचंद्राला हे इतकं आवडलं की त्याने तेच छापलं. वर व्हिव्हियनचा टोपीतला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: माझ्यापुढे फक्त १ लिहा, बाकी काही लिहू नका. वरच्या सभागृहाच्या मोठ्या कागदावर एकच आकडा लिहिला तरी चालतं, हे कुठेतरी ऐकलं होतं. आपण उभे आहोत त्या खालच्या सभागृहालाही तोच नियम असणार, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. जुने ऑस्ट्रेलियन ते पान बघून हसून सोडून द्यायचे, त्यांना वाटायचं विनोद आहे. पण नवे नागरिक, म्हणजे फिलिपिनो, नेपाळी, भारतीय, आफ्रिकेतून आलेल्या नर्सेस, यांच्यातल्या कितीतरी जणांचं हे पहिलंच मत. त्यांनी हवालदार अंकलचं म्हणणं मनावर घेतलं.

जर्ट्रूडला शनिवारी, म्हणजे मतदानाच्या दिवशी, ड्यूटी होती, आणि इथे आधीही मत देता येतं, म्हणून ती आदल्या सोमवारी जाऊन मत देणार होती. नवऱ्याला द्यायचं की नाही, हे तिचं रांगेतसुद्धा ठरलं नव्हतं. लोकांनी लांब लांब अंतर ठेवल्यामुळे रांग फुटपाथपर्यंत आली होती, विचार करायला वेळ भरपूर होता. कागद हातात आला. पाच नावं, पाच चौकोन, आणि वर सूचना, की प्रत्येक चौकोनात क्रमांक लिहा.

तिने पुन्हा वाचलं. आणि तिच्या मनात जे आलं ते कुठल्याही बायकोच्या मनात आलं असतं. भारतात नवऱ्याला मत द्यायचं किंवा नाही द्यायचं, इतकीच सोय. इथे त्याला चक्क शेवटचा नंबर देता येत होता, तोही पेन्सिलीने, स्वच्छ अक्षरात! कौलं शाकारण्यात गेलेल्या सगळ्या रजा तिला आठवल्या. बाकीच्या चौघांना, ज्यांची नावंही तिला धड ठाऊक नव्हती, तिने एक ते चार वाटले आणि व्हिव्हियन तुस्कानोपुढे ठसठशीत पाच काढला. फार बरं वाटलं.

मग पेन्सिल ठेवता ठेवता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक चौकोनात! तिने तिथल्या बाईला विचारलं, “एखाद्याने नुसतं एक लिहिलं आणि बाकी रिकामं सोडलं तर?”

“या कागदावर? ते मत बाद, लव्ह. मोजतच नाहीत.”

जर्ट्रूड बाहेर येऊन गाडीत बसली, पण गाडी सुरू करेना. म्हणजे ज्यांचा व्हिव्हियनवर सगळ्यात जास्त विश्वास, त्यांचीच मतं कचऱ्यात जाणार. म्हणजे हा पडणार, नक्की पडणार. तिने काहीच करायचं नव्हतं. भांडायचं नाही, अडवायचं नाही, नुसतं तोंड मिटून बसायचं, आणि नवरा आयुष्यभर घरी. इतकं सोपं दान तिच्या पदरात कधी पडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचं, डुकराच्या मटणाचं इंदेल केलं. व्हिव्हियनने दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, “आज काय विशेष?” ती म्हणाली, “काही नाही, जेव.” आणि आपल्या ताटातलंही त्यालाच वाढलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मारिसेल भेटली. साफसफाईचं काम करणारी फिलिपिनो मुलगी, नागरिकत्व मिळून जेमतेम वर्ष झालेलं. तिच्याच आईला व्हिव्हियन तीनदा पर्थला घेऊन गेला होता. मास्कच्या वर तिचे डोळे नुसते चमकत होते. “सिस्टर, काल मी पहिल्यांदा मत दिलं! घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं. अंकलने सांगितलं तसंच केलं हं, ओन्ली वन!” आणि तिने एक बोट वर करून दाखवलं.

जर्ट्रूडने तिला शाबासकी दिली आणि औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली. नवऱ्याला घरी ठेवायचं म्हणून अशा आणखी किती पोरींची पहिली मतं आपण कचऱ्यात जाऊ देणार होतो?

घरी आली तेव्हा हेमचंद्र आणि व्हिव्हियन ओट्यावर नकाशा पसरून बसले होते. तिने पर्स खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हेमचंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फोन काढून नियम शोधला, वाचला, आणि डोकं धरून बसला. “ताई म्हणतायत ते खरंय. सॉरी, व्हिव्हियन. माझी चूक.”

“छापलंस तू, सांगितलं मी,” व्हिव्हियन म्हणाला. मग जर्ट्रूडकडे वळला. “तुला कधी कळलं?”

“काल.”

“मग काल का नाही बोललीस?”

जर्ट्रूड सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, “कारण तू हरावंस असं मला वाटतं. अजूनही वाटतं. पण असं नाही. लोकांचं वाटोळं करून नाही.”

हेमचंद्र बिचारा नकाशात तोंड घालून बसला. व्हिव्हियनने हातातलं पेन ठेवून दिलं. रागावला असेल असं जर्ट्रूडला वाटलं, पण तो हळूच एवढंच म्हणाला, “मला ठाऊक होतं, जर्टी. ठाऊक असून मी फॉर्म भरला.”

हेमचंद्राने घसा साफ केला. “मी फेसबुकवर टाकतो, सगळ्या ग्रुप्सवर पाठवतो. अर्ध्या तासात होईल.”

“तू टाक. पण मी दारोदार जाणार,” व्हिव्हियन उठून बूट चढवत म्हणाला. “आमच्यात नियम आहे. ज्याने सुरुंग पेरला त्यानेच काढायला जायचं. दुसऱ्याला पाठवायचं नाही.”

मार्चचं ऊन, पत्र्यासारखी तापलेली गल्ली, आणि हा मोजून चार हात दूर उभा राहून दार वाजवतोय. जर्ट्रूडने दोन मिनिटं खिडकीतून पाहिलं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन तीही निघाली. “नीट समजावता येत नाही तुला,” तिने कारण दिलं.

आणि खरंच येत नव्हतं. बॅरीच्या दारात त्याने सुरुवात केली, “सगळे चौकोन भर. मला एक दे. दुसरा दे... त्या... त्याला.” विरोधकाचं नाव काही तोंडातून फुटेना. बॅरी दारात खुर्ची टाकून ऐकत होता, त्याला हसू आवरेना. “मेट, मी साठ वर्षं मत देतोय. तुझं ते पान बघून मला वाटलं तू जोक मारतोयस!” मग कळलं, की अर्ध्या गावाला तसंच वाटलं होतं.

पण मारिसेलच्या दारात कोणी हसलं नाही. ती बाहेर आली तेव्हा व्हिव्हियनने डोक्यावरची टोपी काढली. “बाळ, तुझं मत बाद झालं. चूक माझी. मी तुला चुकीचं सांगितलं.” मारिसेलचा चेहरा पडला. परत देता येईल का, तिने विचारलं. नाही येणार. मग ती म्हणाली, “इट्स ओके, अंकल. पण बाजूच्या दोन घरांनी अजून दिलेलं नाही. मी येते तुमच्याबरोबर.” आणि चपला घालून ती निघालीसुद्धा.

शुक्रवारपर्यंत हे चाललं. शिफ्ट सांभाळून जर्ट्रूड रोज बरोबर गेली. दर दारात तो टोपी काढायचा, चूक आपली म्हणून सांगायचा, आणि कोणी शिव्या दिल्या तर उभा राहून ऐकून घ्यायचा. ज्या घरात मत देऊन झालं होतं तिथेही तो मुद्दाम गेला, जिथे मिळवण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. वीस वर्षं हा माणूस लांब कुठेतरी काय करत होता, हे तिने त्याच्या गोष्टींतून ऐकलं होतं आणि निम्मं सोडून दिलं होतं. आता ती ते डोळ्यांनी बघत होती. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटतोय याचा रागही आला.

शनिवारी संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली तेव्हा मोजणी सुरू झाली होती. घरात बॅरी, हेमचंद्र, मारिसेल. मेलबर्नहून क्लोई स्क्रीनवर. व्हिव्हियन तिसरा होता, मग चौथा झाला, परत तिसरा झाला आणि तिथेच राहिला. पहिल्या दोघांच्या जवळपासही नव्हता. “गुड ऑन यू, डॅड,” क्लोई म्हणाली, “दॅट्स अ लॉट ऑफ पीपल.” बॅरीने पाठ थोपटली. निवडून आलेल्या माणसाला फोन करून व्हिव्हियनने अभिनंदन केलं आणि त्याच फोनवर डॉक्टरांचं गाऱ्हाणंही घातलं. तो म्हणे लवकरच येऊन भेटतो. सगळे खाऊनपिऊन, हसतखिदळत घरी गेले.

जर्ट्रूड मोरीशी उभी राहून भांडी आपटत होती. व्हिव्हियन फडकं घेऊन पुसायला आला तर ती हुंदके देतेय.

“अगं, काय झालं?”

“मूर्ख लोक!” ती म्हणाली. “माणसाची पारख नाही या गावाला! सहाशे किलोमीटर स्वतःच्या गाडीने नेलंस, दारात जाऊन टोपी काढलीस, आणि तिसरा? लाज नाही वाटली त्यांना?”

“पण तुला तर हेच हवं होतं ना?”

“हवंच होतं!”

“मग?”

“मला हवं होतं! त्यांना कोणी सांगितलं होतं?”

व्हिव्हियनने एक ताटली पुसून ठेवली. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने विचारलं, “तू कितवा नंबर दिलास मला?”

जर्ट्रूडने नळ बंद केला. “पाचवा.”

“पाचवा? अगं, उमेदवारच पाच होते!”

“मी बायको आहे तुझी, मी देईन. त्यांचा काय संबंध?”

तो असा हसत सुटला, की त्याला खुर्ची ओढून खाली बसावं लागलं. ती त्याच्यावर ओरडली, गप्प बस म्हणाली, आणि मग ओल्या हातांनीच त्याचं डोकं पोटाशी धरून ती मनसोक्त रडली. नवरा हरला म्हणून तिला फार वाईट वाटत होतं, आणि तो घरीच होता.